परबांचा डावरा चाकू

माझ्या हातचा चाकू उघडताना बोट कापलं असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. बंद करताना मात्र पुष्कळांची कापली. त्यात चाकूचा दोष नसतो. बंद करताना माणसाचं काम झालेलं असतं आणि लक्ष उडालेलं असतं, एवढंच. हे मी गिऱ्हाइकांना तोंडावर सांगत असे, आणि म्हणूनच काही गिऱ्हाइकं परत येत नसत. आमची ही म्हणायची, "तुम्ही चाकू विका, अक्कल विकू नका." पण दुकान माझं होतं आणि जीभही माझीच होती.

घाटकोपरला आग्रा रोडपासून आत दोन वळणांवर आमचं दुकान होतं. पुढे लाकडी फळी, मागे भाता आणि ऐरण, कडेला पायाने फिरवायचं धारेचं चाक, आणि त्यामागे एका पडद्याआड आमचा संसार. पन्नासच्या दशकात उपनगरं अजून निम्मी झाडांतच होती. माहुलच्या बाजूला रिफायनऱ्यांची उभारणी चालली होती आणि आग्रा रोडने मुलुंडपर्यंत एकेका वाडीला कुंपण पडून आत कारखान्याचे खांब उभे राहत होते. तरीही आमच्याकडे विळ्या येत, कोयते येत, न्हाव्यांचे वस्तरे येत. पण मी स्वतःला म्हणवत असे ते घडीच्या चाकूचा कारागीर. खिशात मावेल, उघडताना एकदा आणि मिटताना एकदा खणखणीत बोलेल, असा चाकू.

बाहेरच्या माणसाला हे काम सोपं वाटतं. चार जिन्नस तर असतात. एक पातं, एक कमान, मुठीच्या दोन पट्ट्या आणि त्यांना धरणारे खिळे. पातं मी जुन्या कानशीचं करत असे, कारण कानशीच्या पोलादाला तोड नाही. ते तापवून ठोकायचं, घासून आकाराला आणायचं, मग लाल करून तेलात बुडवायचं, त्याला आम्ही पाणी देणं म्हणतो. त्याने पातं इतकं कडक होतं की पडलं तर काचेसारखं तुटावं. म्हणून पुन्हा हलक्या आचेवर धरायचं आणि त्याच्या अंगावर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढला की लगेच काढायचं. तो रंग डोळ्यासमोरून जायला एक श्वास लागतो. त्या एका श्वासात शिंक आली तर सकाळपासूनची मेहनत वाया गेली म्हणून समजायचं. कमान म्हणजे मुठीच्या पाठीतली पोलादी पट्टी. ती पात्याला उघडं असताना उघडं ठेवते आणि मिटल्यावर मिटलेलं. चाकू बोलतो तो तिच्या जिवावर.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. अंधेरीच्या एका स्टुडिओतून एक गृहस्थ यायचे. त्यांना सिनेमात वापरायला चाकू हवा होता. म्हणाले, "मेस्त्री, आवाज झकास पाहिजे, धार अजिबात नको." मी कमान इतकी ताठ बसवली की चाकू उघडला की समोरच्याने दचकावं. आणि मग, काय सांगायचं, चाकाजवळ बसल्यावर सवयीने पात्याला धारही लावून टाकली. डोक्याला माहीत होतं धार नको, पण हाताला कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्याच दिवशी त्या सिनेमातल्या खलनायकाने स्वतःच्या कोटाची बाही फाडून घेतली. गृहस्थ भांडायला आले, मी वरून ऐकवलं की बिनधारेचं पातं माझ्या दुकानातून जात नाही. खरं तर मला ओशाळल्यासारखं झालं होतं. हात डोक्याचं ऐकत नाही हे तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

दुसरे आमचे शेजारी मणिभाई. त्यांचं किराण्याचं दुकान मुलगे बघत, त्यामुळे ते दर दोन-चार दिवसांनी सुपारीचा अडकित्ता घेऊन माझ्या फळीशी येऊन बसत. त्याला ते सूडी म्हणत. "मेस्त्री, जरा सूडीने धार काढी आपो ने." इतकी धार काढून काढून तो अडकित्ता निम्मा झाला होता. त्यांना धार नको असे, बसायला जागा आणि ऐकायला माणूस हवं असे. मीही कधी बोललो नाही.

आमच्याकडे एक रीत होती, ती वडिलांपासून चालत आलेली. चाकू कोणाच्या हातात द्यायचा नाही. हातातून हातात दिला तर दोघांत वितुष्ट येतं म्हणतात. फळीवर ठेवायचा, समोरच्याने उचलायचा. गिऱ्हाइकानेही आणलेला चाकू तसाच ठेवायचा. नवखी माणसं हात पुढे करून उभी राहत, मी चाकू ठेवून दुसरीकडे बघत असे.

परबांना हे सांगावं लागलं नाही. आषाढातली सकाळ होती, बाहेर झिमझिम चालू होती. पन्नाशीचा, काटक, डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतलेला एक माणूस आला, खिशातून फडक्यात गुंडाळलेला चाकू काढून फळीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिला.

"मेस्त्रीनू, ओळखलात काय? मी परब. हो चाकू तुमचोच आसा. अठरा वर्सां झाली."

माणूस मी ओळखला नाही. चाकू ओळखला. पात्याच्या मुळाशी माझी तीन टिंबांची खूण होती, जरा वाकडी, कारण तेव्हा मी नुकताच स्वतःच्या नावाने काम करू लागलो होतो. म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्या घासून घासून गुळगुळीत झाल्या होत्या. पातं उघडलं तर ते लुळं पडलं. कमान मधोमध मोडली होती. आणि पातं तरी काय राहिलं होतं, रोज दगडावर घासून बोटभर रुंदीचं पातं काडीइतकं उरलेलं.

परब मुलुंडच्या एका वाडीत माळी होते. त्यांचं काम आंब्याची कलमं बांधण्याचं, म्हणून हा चाकू कलमाचा. हे जरा समजावून सांगायला हवं. आंब्याची बाठ लावली तर झाड येतं, पण आईसारखं येईलच असं नाही. गोड आंब्याच्या बाठीतून आंबट आंबा निघतो. तोच आंबा पुन्हा हवा असेल तर कलमच करावं लागतं. त्या काळी भेटकलम बांधत. कुंडीतलं लहान रोप मोठ्या झाडाच्या फांदीशेजारी माचाण बांधून त्यावर ठेवायचं, रोपाच्या आणि फांदीच्या अंगावरची दोन-तीन बोटं साल एकसारखी तासायची, दोन्ही तासलेल्या जागा एकमेकींना चिकटवून घट्ट बांधायच्या. अडीच-तीन महिन्यांत दोघांची साल एक होते. मग फांदी झाडापासून तोडायची आणि कुंडी खाली उतरवायची. तासलेली जागा अगदी सपाट हवी. मध्ये केसाएवढी फट राहिली तरी जोड धरत नाही.

म्हणून कलमाच्या चाकूला एकाच अंगाने उतार देतात, दुसरं अंग आरशासारखं सपाट. सपाट अंग लाकडावर टेकवून चालवायचं. उजव्या हाताने काम करणाऱ्याला उतार उजव्या अंगाला लागतो. दुसऱ्या अंगाला दिला तर पातं एक तर लाकडात शिरतं किंवा बाहेर पळतं, सरळ चालत नाही.

परबांचा चाकू मी उजेडात धरला आणि पुन्हा उलटून बघितला. उतार डाव्या अंगाला होता.

आधी वाटलं, घासताना यांनीच उलटा केला असेल. पण पातं उघडायला जी नखाची खाच असते तीही दुसऱ्याच अंगाला होती, आणि खाच काही घासून इकडची तिकडे जात नाही. मग मला आठवलं. कलमाचा तो माझा पहिलाच चाकू. परबांनी वाडीच्या मुकादमाकडून एका दिवसासाठी विलायती चाकू नमुन्याला मागून आणला होता. मी पातळ कागदावर तो उतरून घेतला, उताराची बाजू पेन्सिलीने काळी केली, नमुना परत दिला आणि दुसऱ्या दिवशी कागद खळीने पोलादावर चिकटवला. पातळ कागदाची पेन्सील दोन्हीकडून दिसते. मी तो उलटा चिकटवला असणार. पुढे बोरिवलीकडच्या बागवाल्यांचे असे पुष्कळ चाकू केले, पण ते नमुना समोर ठेवून, सगळे सरळ. हा पहिला उलटा गेल्याचं मला कळायचं काही कारणच नव्हतं, कारण परब तो घेऊन कधी परत आलेच नाहीत. अठरा वर्षं एक माणूस माझी चूक हातात घेऊन पोट भरत होता आणि मी इथे लोकांना अक्कल शिकवत होतो.

"परब," मी म्हणालो, "हा चाकू..."

"थांबा," ते म्हणाले. त्यांनी रस्त्याकडे बघितलं, मणिभाई आलेले नाहीत याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "माका तुमका एक सांगूचा होता. इतकी वर्सां सांगूक जमला नाय."

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. परब जन्माचे डावरे. घरात ते अशुभ मानलेलं. जेवताना आई डावा हात फडक्याने पाठीशी बांधून ठेवी. शाळेत गुरुजी त्याच हाताच्या पेरांवर पट्टी मारत. मुलगा उजवा झाला, म्हणजे लोकांपुरता झाला. उजव्या हाताने जेवू लागला, नमस्कार करू लागला, पण त्या हातात कसब कधी आलं नाही. मुंबईला येऊन वाडीत माळी झाले, कलमं बांधायला शिकले आणि एकही कलम लागेना. मुकादम म्हणाला, ह्याला पाणी शेंदायला लावा. मग स्वतःचा चाकू असला तर जमेल या आशेने ते माझ्याकडे आले. मी चाकू केला. तो घेऊन ते झाडाशेजारच्या माचाणावर चढले, उजव्या हाताने तासायला लागले तर आणखीच वाट लागली. पातं वेडंवाकडं पळे. माचाण उंच, सभोवती पाला, खालून कोणाला दिसत नव्हतं. त्यांनी चाकू डाव्या हातात घेतला. पातं सालीवर असं सरळ चाललं की त्यांचा स्वतःचा विश्वास बसेना. त्या दिवशी बांधलेली सगळी कलमं लागली. तेव्हापासून अठरा वर्षं परब माचाणावर डावरे होते आणि खाली उतरले की उजवे.

"तुमी माका चाय दिल्लात," ते म्हणाले. "मी कप डाव्या हातान उचललंय, मगे घाबरान उजव्यात घेतलंय. तुमी ता बघितलात. बोललात काय नाय, पण चाकू माझ्या हाताचो केलात. माका जल्म दिलेल्या आवशीक जा कळला नाय, ता तुमका कळला."

मला तो कप आठवत नव्हता. चहा दिला होता की नाही हेही आठवत नव्हतं. तोंड उघडलं होतं ते मी मिटलं. माझ्या कामाचं कौतुक त्याआधी पुष्कळांनी केलं होतं, असं कोणी केलं नव्हतं, आणि ते माझं नव्हतं.

परबांचं पुढचं बोलणं कामाचं होतं. वाडी विकली गेली होती. दसऱ्यानंतर झाडं तोडून तिथे कारखान्याची शेड येणार होती. वाडीच्या टोकाला एक बाठीचा आंबा होता. बाकीचे आंबे संपले की तो पिके, म्हणून वाडीत त्याला आषाढ्या म्हणत. पातळ साल, रेषा नाही, आणि दुसरीकडे कुठे तसलं झाड नाही. परबांचं पहिलं लागलेलं कलम त्याचंच, पण ते मालकाने कोणाला तरी दिलं आणि पुढे ते मेलं. मालकाने आता परबांना सांगितलं होतं, दसऱ्यापर्यंत काय कलमं करायची ती कर, घेऊन जा. परबांनी एकवीस रोपं कुंड्यांत तयार ठेवली, माचाण बांधलं, आणि पहिल्याच दिवशी चाकूची कमान मोडली. बाजारातून दुसरा चाकू आणून दोन डहाळ्या तासून बघितल्या, काप सपाट येईना.

"आठ दिसांत बांधूक व्हयीत," ते म्हणाले. "नायतर दसऱ्यापर्यंत जोड धरूचो नाय. मगे झाड गेला तर गेला."

त्यांना फक्त कमान बदलून हवी होती. पण ती काडी एकवीस कलमांना पुरली नसती. मी म्हटलं, "पातंही नवं घालावं लागेल. मूठ तुमचीच ठेवतो."

परबांनी माझ्याकडे बघितलं. "तसाच करशात मा? अगदी तसाच?"

"तसंच," मी म्हणालो.

ते गेल्यावर हिला सगळं सांगितलं. पडद्यामागून तिने निम्मं ऐकलंच होतं. मी म्हटलं, "त्याला खरं सांगायला हवं होतं." ती म्हणाली, "आधी चाकू करा. खरंखोटं मागून बघू. झाड काही तुमच्या खऱ्यासाठी थांबणार नाही." तिचं बरोबर होतं. तिचं बरोबर असलं की मला राग येतो, तसा तेव्हाही आला.

अठरा वर्षांपूर्वी जी गोष्ट मी बेसावधपणे एका झटक्यात करून गेलो होतो, ती आता समजून करायला बसलो तर मला ती करता येईना. पहिलं पातं ठोकलं, उताराच्या बाजूला खडूने खूण केली आणि चाकाशी बसलो. पाय चाक फिरवू लागले, डोक्यात परबांचे विचार, आणि भानावर आलो तेव्हा हाताने नेहमीच्या अंगाला सुरेख उतार देऊन टाकला होता. सिनेमाच्या चाकूचा किस्साच पुन्हा. ते पातं बाजूला टाकलं. दुसरं सांभाळून करायला गेलो, सारखं तपासत बसलो, त्या नादात जास्त तापलं आणि तेलात बुडवताच त्याला तडा गेला. चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी मी ठरवलं, पातं डाव्या हातात धरायचं. उलट्या अंगाला उतार द्यायचा तर सगळंच उलटं हवं. बसायची जागा बदलली, दिवा दुसऱ्या बाजूला टांगला. आणि मी, वीस वर्षं या धंद्यात घालवलेला मेस्त्री, नव्याने शिकायला लागलो. डाव्या हाताला दाब किती द्यायचा कळेना. पातं निसटून पेरं चाकावर घासली, दोनदा रक्त आलं. ही भाकरी थापता थापता हसत होती. "गुरुजींची पट्टी लागतेय वाटतं." ती सहज बोलून गेली, पण मी थांबलो. एक दिवस चुकीच्या हाताने काम करताना माझी ही दशा झाली होती. त्या माणसाला सहा वर्षांचा असल्यापासून सगळं जग तसंच चालवायला लावलं होतं. मला त्याची फार दया आली, आणि स्वतःची लाज वाटली, कारण मी त्याला बघितलं म्हणून तो खूश होता आणि मी त्याला बघत होतो तो आता, अठरा वर्षांनी, तोही त्याच्या पाठीमागे.

संध्याकाळपर्यंत उतार उतरला. पाणी दिलं, पिवळा रंग चढताच काढलं, शिंका आल्या नाहीत. नवी कमान घातली, जुन्या शिंगाच्या पट्ट्या बसवल्या, नखाची खाच मुद्दाम त्या अंगाला कोरली. चाकू उघडला. बोलला.

सातव्या दिवशी परब आले. खिशातून आंब्याची एक डहाळी काढली, चाकू फळीवरून उजव्या हाताने उचलला. मणिभाई अडकित्ता घेऊन बसलेले होते. परब रस्त्याकडे आणि मणिभाईंकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खांदा हलला तेवढा मला दिसला. मग वळून त्यांनी तासलेली डहाळी माझ्यापुढे ठेवली. मी तिच्यावर पोलादी पट्टी टेकवून बघितली, खालून उजेड आला नाही.

"तुमीच करू जाणा," ते म्हणाले. जुनं पातं मी कागदात बांधून ठेवलं होतं, ते त्यांनी खिशात घातलं. मी तेव्हा सांगू शकलो असतो. मणिभाई होते म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला म्हटलं. मणिभाई उठून गेले तेव्हाही परब होते.

पुढचे तीन महिने मी सुखाने जेवलो नाही. दुसरं कोणी चाकूची तारीफ केली तरी अंगावर यायची. माझी सगळी घमेंड कामाच्या जोरावर होती, आणि माझं सगळ्यात चांगलं काम म्हणून एक माणूस ज्याच्याकडे बोट दाखवत होता तो उलटा चिकटवलेला कागद होता. शेवटी हीच म्हणाली, "आता कलमं बांधून झालीत. सांगून मोकळे व्हा. तुम्हाला आमटीत मीठ आहे की नाही कळत नाही आजकाल."

"आणि तो दुखावला तर?"

"दुखावेल. मग काय? तुम्ही फुकटचं कौतुक घेतलंयत, ते परत द्या."

परब आले ते नवरात्रात, अष्टमीच्या सकाळी. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आम्ही हत्यारं धुऊन मांडतो, झेंडू वाहतो आणि कशालाही हात लावत नाही. माळीही लावत नाहीत. म्हणून कलमं झाडापासून तोडायची ती अष्टमीलाच, कारण दसरा झाला की कुऱ्हाडवाले येणार होते. शेवटच्या कापासाठी त्यांना धार हवी होती. चाकू फळीवर ठेवून ते म्हणाले, "एकवीस बांधलंय. सोळा धरली." त्यांच्या तोंडावरचं हसू आवरत नव्हतं. आठ कलमं गलबताने गावी जाणार होती, बाकीची वाडीतल्या लोकांनी मागून ठेवली होती.

मणिभाई शेजारीच सुपारी कातरत बसले होते. मी धार लावली. या वेळी न चुकता डाव्या हातात धरून. चाकू फळीवर ठेवला, पण त्यावरचा हात काढला नाही. म्हटलं, "परब, तुम्हाला सांगायचं राहिलंय. पहिला चाकू मी तुमचा हात बघून केला नव्हता."

परब एक पाऊल पुढे आले.

"मी कागद उलटा चिकटवला. चूक झाली. तुम्ही डावरे आहात हे मला माहीत नव्हतं. कप बिप मी काही बघितलं नाही. तुम्ही आषाढात सांगितलंत तेव्हा मला कळलं."

मी हात काढून घेतला. चाकू फळीवर पडून होता. परबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, मग बाकीचंही गेलं. वय एकदम दिसायला लागलं. त्यांनी चाकूकडे बघितलं, पण उचलला नाही. मणिभाईंचा अडकित्ताही थांबला. मला वाटलं, गेला आता हा माणूस, चाकू इथेच टाकून जाणार. आणि सोळा कलमं तिकडे झाडावरच लटकणार. माझ्या खरेपणाची ती किंमत त्या झाडाने का द्यावी, हे मला तेव्हा सुचलं, बोलून गेल्यावर.

"म्हणजे कोणीच बघूक नव्हता," परब हळू म्हणाले. माझ्याशी नव्हे.

मी फळीवरचा लोखंडाचा चुरा हाताने झाडला.

मग त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. डाव्या हाताच्या पेरांवर चाकाने घासल्याचे डाग अजून काळे दिसत होते. ते त्यांनी बघितले. चाकाजवळची माझी उलट मांडलेली बैठक बघितली, विरुद्ध बाजूला टांगलेला दिवा बघितला. तीन महिने मी तो परत जागेवर लावला नव्हता, का ते मलाही ठाऊक नाही.

"आणि हो?" त्यांनी चाकूकडे बोट केलं. "ह्या नव्या पात्याक पण कागद उलटो लागलो?"

"नाही," मी म्हणालो. "त्याची दोन पाती वाया गेली. हे तिसरं. हे तुमचा हात ध्यानात धरूनच केलं."

"बघून केलात."

"बघून केलं, परब."

"मगे झाला तर," ते म्हणाले.

आणि त्यांनी डावा हात पुढे केला. मणिभाई चांगल्या मनाने बोलले, सणाचा दिवस होता. "जमणे हाथे लो ने, भाई." उजव्या हाताने घ्या म्हणाले. परबांनी त्यांच्याकडे वळून बघितलं, मान हलवली, ऐकलं असं दाखवलं. मग भर रस्त्याकडे तोंड करून, फळीवरचा चाकू डाव्या हाताने उचलला, तिथेच उघडला, अंगठ्यावर धार बघितली, मिटला आणि डाव्या खिशात टाकला.

"येतंय मेस्त्रीनू," ते म्हणाले. "झाडार कलमां हत."